माळावर भरणारा तास

संपादक महोदय,

११ ऑक्टोबर हा फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्र यांचा स्मृतिदिन. दक्षिण फ्रान्समधल्या कार्पांत्रा या लहानशा गावात ते १८४२ मध्ये, ऐन अठराव्या वर्षी प्राथमिक शिक्षक झाले. जमीन मोजणीचा तास ते माळावर घेत. मुलं मध्येच थांबून दगडांवरची माश्यांची मातीची घरटी शोधत आणि काडीने आतला मध चोखत. सर रागावले नाहीत. त्यांनीही तो मध चाखला, मोजणी बाजूला राहिली आणि त्या माश्यांचा अभ्यास सुरू झाला. मी स्वतः शिक्षिका होते. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

पुढे आव्हीन्याँमध्ये मुलींना फुलांचं परागीभवन शिकवलं म्हणून त्यांच्यावर गहजब झाला, राहतं घरही सोडावं लागलं. किती अन्याय! १८७९ मध्ये त्यांनी सेरीन्याँ गावात काट्याकुट्यांची पडीक जमीन घेतली, खास कीटकांसाठी. १९१५ मध्ये ९१ व्या वर्षी तिथेच ते गेले. डार्विनने त्यांना अतुलनीय निरीक्षक म्हटलं होतं.

आपल्या वर्गांच्या खिडक्यांतही कुंभारीण माशी घर बांधते. शाळांनी या दिवशी एक तास मुलांना ते पाहू द्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई