अंगावरून वारं जात नाही, बीपी मोजायचं राहिलेलं असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, सगळं छापता नाही आलं तर निदान बीपी मोजण्याबद्दलचा भाग तरी ठेवा एवढीच विनंती. गेली चार वर्षं आमच्या घरात पॅरालिसिसचा पेशंट आहे, माझा मोठा भाऊ. झटका आला तेव्हा दादा ४९ वर्षांचा होता. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "अंगावरून वारं गेलं हो बिचाऱ्याच्या." मीही तेच म्हणायचे. पण या वाक्यात एक गडबड आहे, वारं म्हटलं की ते बाहेरून येतं, कोणाच्या हातात नसतं, आलं तर आलं. दादाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. त्याचं बीपी तीन वर्षं आधी मोजलं होतं, १७० वर १०० निघालं होतं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती, त्याने ती तीन महिने घेतली आणि बंद केली. का, तर काही त्रासच होत नव्हता. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, आणि एकदा सुरू केली की सवय लागते असं घरातल्या मोठ्यांनीही सांगितलेलं. मीसुद्धा तेव्हा काही बोलले नाही. ते मला आज फार लागतं.

आता थोडे आकडे देते, कारण हे फक्त आमच्या घरापुरतं नाहीये. २०२१ साली जगभरात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने स्ट्रोक, म्हणजे दादाला आला तसा मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबून किंवा फुटून येणारा झटका, झाला आणि ७० लाखांहून जास्त माणसं त्याने गेली. या मृत्यूंपैकी दहातले आठ-नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. स्ट्रोक म्हणजे म्हातारपणाचा आजार असं आपण धरून चालतो पण जगातल्या निम्म्याहून जास्त केसेस ७० च्या आतल्या असतात, आणि गरीब देशांत तर ऐन कमावत्या वयातच गाठतो. मेंदूत रक्तस्राव होण्याचा प्रकार, जो जास्त जीवघेणा, त्याचं प्रमाणही तिकडे जास्त आहे आणि त्यामागे मुख्यतः वर्षानुवर्षं वाढलेलं, उपचार न झालेलं बीपी असतं.

३२ देशांत मिळून इंटरस्ट्रोक नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात दिसलं की स्ट्रोकचा सुमारे ९० टक्के धोका दहाच गोष्टींशी जोडलेला आहे आणि त्या दहाही बदलता येण्यासारख्या आहेत. तंबाखू-सिगारेट, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, दारू, बसून राहणं, ताण, हृदयाचे आजार, खाणंपिणं, हे सगळं त्यात आहेच, पण एकट्या बीपीचा वाटा जवळपास निम्मा. निम्मा! आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की ३० ते ७९ वयातल्या जवळपास १२८ कोटी लोकांना हाय बीपी आहे, त्यातल्या ४६ टक्के लोकांना आपल्याला ते आहे हेच माहीत नाही, आणि कंट्रोलमध्ये आहे फक्त पाचातल्या एकाचं.

मला राग येतो तो इथेच. हे मोजायला मोठं मशीन लागत नाही, दंडाला बांधायचा पट्टा लागतो आणि पाच मिनिटं. गोळ्या जुन्या आहेत, पेटंट केव्हाच संपलेल्या, स्वस्तात बनतात. तरी गरीब देशांतल्या सरकारी दवाखान्यात आज गोळी मिळते, पुढच्या महिन्यात स्टॉक संपलेला असतो, मग माणूस दोन खेपा मारतो, तिसऱ्यांदा जात नाही. रोजंदारीवरचा माणूस एका पट्टीसाठी दिवसाची मजुरी किती वेळा बुडवणार? आणि पेशंट ऐकत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावायचे हे मला पटत नाही. एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, घराजवळ द्या, नर्सला किंवा आरोग्यसेविकेला बीपी बघून डोस चालू ठेवायची परवानगी द्या, मग बघा लोक घेतात की नाही.

मिठाचंही तसंच. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. आधी स्ट्रोक होऊन गेलेली किंवा साठीच्या पुढची बीपीवाली माणसं, त्यांतल्या निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियमवालं असं मीठ दिलं, बाकी काही नाही. पाचेक वर्षांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. (किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता हे मीठ घेऊ नये, पोटॅशियम वाढून धोका होतो.)

काही कारणं अशी आहेत की ज्यांच्याबद्दल फारसं बोललंच जात नाही. लहानपणी घसा सुजून ताप येतो, पेनिसिलिन मिळत नाही, त्यातून काहींच्या हृदयाची झडप खराब होते आणि वीस-तीस वर्षांनी तिथे झालेली गुठळी मेंदूत जाऊन बसते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांनाही स्ट्रोक होतो. बाळंतपणानंतरच्या दिवसांत मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन तरुण बायका डोकेदुखीने तळमळतात आणि थकवा असेल म्हणून सोडून दिलं जातं. चुलीचा धूर तर आहेच.

आता आमच्याकडे त्या दिवशी काय झालं ते लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल. सकाळी उठल्यावर दादाला शर्टाची बटणं लावता येईनात. हातावर झोपला असशील म्हणून आम्ही हात दाबून देत बसलो. मग बोलणं अडखळायला लागलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी आराम कर बरं वाटेल असं म्हणून दुपारपर्यंत थांबलो. पहिल्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन नव्हता, दुसरीकडे मशीन बंद, तिसऱ्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी लागतोच कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणूनच घरी कोणी सांगितलं म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, आणि तोंडात पाणीही घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. तोंड वाकडं, हात किंवा पाय लुळा, बोबडी वळलेली, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी निघायचं. दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरीसुद्धा निघायचं, कारण बऱ्याचदा मोठ्या झटक्याच्या आधीची सूचना तीच असते.

महागडी मशीनं हवीतच, पण ती येईपर्यंत गप्प बसायचं का? स्ट्रोक युनिट म्हणजे सगळं हायटेक नसतं, गिळता येतंय का हे आधी तपासणं, कूस बदलत राहणं, वेळेवर उठवून बसवणं, फिजिओ सुरू करणं, हे ठरवून करणारी शिकलेली टीम एका वॉर्डात असली तरी मृत्यू आणि अपंगत्व कमी होतं. हे जिल्हा पातळीच्या हॉस्पिटलात जमण्यासारखं आहे.

घरी आल्यावरचं तर कोणत्याच आकड्यात नीट येत नाही. वहिनीने नोकरी सोडली. म्हणजे एका झटक्यात दोन पगार गेले, आणि पुतण्याने कॉलेजचं एक वर्ष थांबून काम धरलं. घरी फिजिओ शिकवायला सुरुवातीला कोणी नव्हतं, आम्ही मोबाईलवर व्हिडिओ बघून करायचो, खांदा चुकीचा ओढल्याने त्याला महिनाभर जास्तच दुखलं. वहिनी दीड वर्ष नीट झोपली नाही. तिच्याकडे कोणी विचारपूस करायला आलं नाही, सगळे दादालाच बघायला यायचे.

गेल्या वर्षी घरी बीपी मशीन आणलं तेव्हा दादाचं मोजून झाल्यावर सहज वहिनीचं मोजलं, वरचं १६८ निघालं. तिला काहीच त्रास नव्हता. दुसऱ्याच दिवशी दाखवलं, गोळी सुरू झाली. आता दोघांच्या पट्ट्या एकाच डबीत असतात. दादाचा उजवा हात अजून चालत नाही आणि बोलणं दोन-तीन शब्दांपुरतंच आहे, पण रात्री आठ वाजले की तो डाव्या हाताने ती डबी वहिनीकडे सरकवतो आणि तिने गोळी घेईपर्यंत बघत राहतो.

आपली,
एक वाचक