धातू वेगळे करण्याचे काम यंत्रांना द्या

महोदय,

सुका कचरा वेगळ्या डब्यात टाकला की आपले काम संपते, पण त्यातल्या धातूचे काय होणार हे पुढे वर्गीकरण केंद्रात ठरते. तिथे अनेक ठिकाणी माणसे आजही धारदार पत्रे आणि फुटक्या काचा हातांनी निवडतात. हे थांबलेच पाहिजे, कारण त्यासाठीची यंत्रे केव्हाच तयार आहेत.

लोखंडी डबे सरकत्या पट्ट्यावरून चुंबक उचलतो. ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाही, म्हणून वेगाने फिरणारा चुंबकी रोलर त्यात भोवरा-प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारा विद्युतप्रवाह, निर्माण करतो आणि त्याच्या धक्क्याने डबा उडून बाजूला पडतो. फायदा मोठा आहे: खनिजापासून नवे ॲल्युमिनियम बनवण्यापेक्षा भंगार वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. पोलादात प्रश्न शुद्धतेचा. भंगारासोबत तांब्याची तार भट्टीत गेली, तर वितळलेल्या पोलादातून तांबे काढणे फार कठीण, आणि पुढे ते पोलाद गरम असताना लाटले की त्याला चिरा पडतात. निवड भट्टीआधीच व्हायला हवी.

गोळ्यांच्या पाकिटांवरचा चिकटलेला पातळ पत्रा मात्र यंत्रालाही सहज सुटत नाही. लिथियम बॅटरी चिरडली तर आग लागू शकते, ती घरातूनच वेगळी द्यावी. आणि यंत्रे चालवण्याचे प्रशिक्षण व नोकरी आज कचरा निवडणाऱ्यांनाच आधी मिळावी, ही अट निविदेतच लिहिलेली असावी.

– एक वाचक