निर्णय आमच्यावर सोपवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आमच्या युवा गटाच्या पाठीशी आपण ज्या रीतीने उभ्या राहिलात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, ही गटातील सर्वांचीच इच्छा होती. सत्कार आपल्याला रुचत नाही, म्हणून हे पत्र.

तरुणांनी समाजासाठी काही करावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र काय करायचे हे त्यांना ठरवू देणारे फार थोडे. बहुतेक ठिकाणी आमच्या वाट्याला खुर्च्या मांडणे, फलक धरणे आणि छायाचित्रापुरते उभे राहणे एवढेच येते. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आपण आम्हाला समजावून सांगितलीत. मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी मिरवणे आणि नावापुरते सामील करणे, या तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. सर्वांत वरच्या पायरीवर काम मुलांनी सुरू केलेले असते, पण निर्णय मोठ्यांच्या सोबतीने होतात. आपण आमच्याशी नेमके तसेच वागलात.

संध्याकाळच्या वर्गांहून परतणाऱ्या मुलींना अंधारातून यावे लागे, म्हणून रस्त्यावरील बंद दिव्यांचा विषय आम्ही हाती घेतला. तेव्हा आपला पहिला प्रश्न होता, "नेमके कोणत्या खांबांवरचे?" त्यातूनच ती वही तयार झाली: खांबाचा क्रमांक, दिवा कधीपासून बंद आहे, पाहणी करणाऱ्याची सही, आणि शेवटचा रकाना 'पाठपुरावा कोण करणार'. तो रकाना कोरा ठेवून बैठक संपवायची नाही, हा नियम आजही पाळला जातो. अर्जाच्या मसुद्यातील आमचा राग आपण खोडला नाहीत. हा कागद वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचे ते कळेल का, एवढेच विचारलेत, आणि मसुदा आम्हीच पुन्हा लिहिला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बारावे कलम सांगते की, स्वतःशी संबंधित बाबींत मुलांना मत मांडता यावे आणि त्यांचे वय व समज पाहून त्या मताला योग्य महत्त्व मिळावे. हे प्रत्यक्षात कसे असते, ते आम्ही पाहिले. मुख्य रस्त्याआधी वर्गामागच्या पायवाटेची पाहणी झाली पाहिजे, असा आग्रह आमच्यातील सर्वांत लहान सदस्याने धरला, तेव्हा आपण स्वतः आखलेला क्रम बाजूला ठेवलात आणि तिचे म्हणणे बैठकीपुढे मतास टाकलेत.

सर्वांत मोठे ऋण मात्र आपण न केलेल्या एका गोष्टीचे आहे. अर्जाला उत्तर येईना, तेव्हा आपल्या ओळखीतून एक दूरध्वनी केला असता तर काम झटपट झाले असते. परंतु आपण आम्हालाच अर्जाची पोच घेऊन पुन्हा कार्यालयात पाठवलेत. दिवे लागले. त्यांतले काही पुन्हा बंद पडले, तेव्हा कोणाकडे, कोणता कागद घेऊन जायचे, हे आम्हाला ठाऊक होते.

आता गटाची सूत्रे आमच्याहून लहान मुलामुलींकडे आहेत. त्यांनी अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा विषय निवडला आहे, आणि अर्जाच्या पहिल्या मसुद्यावर आपली नजर फिरावी अशी त्यांची विनंती आहे.

आपले कृतज्ञ,
युवा गटाचे आजी-माजी सदस्य