पाने गळाल्यावर प्राणवायू कुठून येतो?

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू मॉन्ट्रियलच्या खिडकीतून बोडके झालेले मेपल दाखवलेस आणि विचारलेस, "आई, यांना आता वसंतापर्यंत पान येणार नाही, मग आम्ही इथे श्वास कशाच्या जोरावर घ्यायचा?" घाईत उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हता, म्हणून सवडीने लिहीत आहे.

तू आठवीत असताना आपण घरी केलेला प्रयोग तुला आठवत असेल. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर पालथे नरसाळे आणि नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवल्यावर बारीक बुडबुडे एकामागून एक वर चढू लागले आणि नळीत जमलेल्या वायूत धुमसती काडी धरताच तिने पेट घेतला. ते बुडबुडे पाहून आपला असा समज होतो, की झाडाने आज सोडलेला प्राणवायूच आपण आज घेतो. वर्गात मीही अनेक वर्षे तेवढेच सांगत आले, आणि ते अपुरे होते याची मला आजही रुखरुख वाटते.

कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये प्राणवायूचे सुमारे २,०९,५०० रेणू असतात. तुझ्या अक्षांशावर उन्हाळा आणि हिवाळा यांत या आकड्यात पडणारा फरक जेमतेम वीस-पंचवीस रेणूंचा आहे. जगातली सगळी प्रकाशसंश्लेषणाची क्रिया मिळून हवेतला संपूर्ण साठा नव्याने भरायला काही हजार वर्षे लागतील, इतका तो मोठा आहे. म्हणजे आज तू घेतलेला श्वास यंदाच्या पानांवर अवलंबून नाही. आपण कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटर उंचीवर उभे होतो, तेव्हा केवळ हवा विरळ असल्यामुळे समुद्रकाठच्या तुलनेत दर श्वासात सुमारे सहावा हिस्सा प्राणवायू कमी मिळत होता, आणि तरीही तू तिथे गाणे म्हणत होतीस. त्यापुढे ऋतूंचा फरक किती किरकोळ आहे ते पाहा.

हा किरकोळ फरक मोजणेच मोठे कठीण होते. शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ या पर्वतावर कार्बन डायऑक्साइडच्या अखंड नोंदी सुरू केल्या. प्राणवायूचे काम पुढे त्यांचे पुत्र राल्फ यांनी १९८० च्या दशकात हाती घेतले. दोन लाखांच्या साठ्यातले चार-दोन रेणू कमी झालेले ओळखायचे, यासाठी त्यांनी हवेतून जाताना प्रकाशाचे वक्रीभवन किती बदलते ते मोजणारे उपकरण तयार केले. तुझ्याच देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या अलर्ट या ठाण्यावरची हवाही अशी मोजली जाते. तिथे हिवाळा सरताना आकडा तळाला जातो, कारण पाने नसली तरी माती आणि कुजणारा पाचोळा श्वसन करतच असतात, आणि थंड झालेला समुद्रही हवेतून प्राणवायू ओढून घेतो. उन्हाळ्यात हेच उलट घडते. दक्षिण गोलार्धात, टास्मानियातील केप ग्रिम या ठाण्याचा आलेख याच्या नेमका विरुद्ध चालतो. गोलार्धातल्या गोलार्धात वारे काही आठवड्यांत हवा फिरवतात. विषुववृत्त ओलांडून ती पुरती मिसळायला मात्र वर्षभर लागते.

आता एक गळलेले पान हातात घे. उन्हाळाभर त्याने जितका प्राणवायू बाहेर सोडला, जवळपास तितकाच झाडाच्या श्वसनात आणि पाने-लाकूड कुजण्यात परत खर्च होतो. म्हणून घनदाट जंगलाचाही वर्षाचा ताळेबंद जवळजवळ शून्यावर येतो. शिल्लक पडते ती केवळ जो अत्यल्प भाग न कुजता गाळाखाली, समुद्रतळाशी गाडला जातो, त्याची. कोट्यवधी वर्षे अशी शिल्लक साचत गेली, खडकांच्या झिजेत काही खर्च होत राहिली, आणि त्यातूनच आजचा साठा टिकून आहे.

तेच गाडलेले अवशेष कोळसा आणि तेल म्हणून आपण आज जाळतो आहोत, त्यामुळे हवेतला प्राणवायू दर दहा लाखांत वर्षाला सुमारे चार रेणूंनी घटतो. या वेगाने साठ्याचा एक टक्का कमी व्हायलाही पाचशे वर्षे लागतील, त्यामुळे गुदमरण्याची भीती बाळगू नकोस. मला खरी चिंता वाटते ती त्याच जळणातून वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, कारण १९५८ मध्ये दर दहा लाखांत ३१५ च्या आसपास असलेला त्याचा आकडा आता ४२० च्या पुढे गेला आहे. त्याविषयी पुढच्या पत्रात लिहीन.

मार्चमध्ये तुझ्याकडच्या हवेतला प्राणवायू वर्षातल्या नीचांकाजवळ असेल. त्या दिवसांत सकाळी फिरायला जाशील, तेव्हा कानटोपी विसरू नकोस.

तुझी,
आई