पॉइंट टू-टू

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या घालून घे. दोन वर्षं आणि चार महिने, मोजलेत मी. दादा गेले तेव्हा व्हॉट्सअॅपवर जोडलेले हात पाठवून मोकळा झालो, आणि मग फोन करायला तोंडच उरलं नाही. आज करू, उद्या करू, आणि इथे उजाडलं की तुमच्याकडे रात्र. तुझी बायपास झाल्याचंही ताईकडून कळलं, तीही उशिरा. आता बरा आहेस असं ती म्हणाली. माझं ठीक. साखर गोळीवर आहे, आणि डावा गुडघा वेधशाळेपेक्षा बरे अंदाज देतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. मंगळवारी फिलाडेल्फियाला माझी सिटिझनशिपची मुलाखत झाली. एकवीस वर्षं टाळलेला अर्ज शेवटी केला. आई होती तोवर आपला भारताचा पासपोर्ट सोडवत नव्हता, ती गेल्यावर कशासाठी धरून बसायचं? समोरची बाई हसतमुख होती. लिंकनने काय केलं, यादवी युद्धाचं एक कारण सांगा, मार्टिन ल्यूथर किंगने काय केलं, मी तोंडी परीक्षेसारखा धडाधड उत्तरं देत होतो. मग ती फॉर्मवरचे शेवटचे प्रश्न वाचायला लागली. कायद्याने गरज पडली तर अमेरिकेच्या वतीने शस्त्र हाती घ्याल का?

मी म्हणालो, येस.

लेका, तिचं वाक्यसुद्धा पुरतं संपलं नव्हतं. पुढचे दोन प्रश्न होते, लढाई सोडून सैन्यातलं दुसरं काम कराल का, आणि मुलकी देखरेखीखाली देशोपयोगी काम कराल का. म्हणजे ज्याला पहिल्याला ‘नाही’ म्हणायचं असेल त्याच्यासाठी दारं ठेवलेली आहेत. मी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. येस, येस, येस.

तू हसतोयस ते मला इथून दिसतंय. चौपन्न वर्षांचा, ढेरीवाला, जिना चढताना कठडा धरणारा माणूस. ह्याला कोण बंदूक देणार? बायकोही हेच म्हणाली. इथे सक्तीची भरती १९७३ सालीच थांबली, हेही ती म्हणाली. पण घरी आलो आणि पोराने विचारलं, “बाबा, त्या बंदुकीच्या प्रश्नाला काय म्हणालात?” तो गेल्या वर्षी अठराचा झाला. इथे मुलांना अठराव्या वर्षी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सैन्यभरतीच्या सरकारी यादीत, नाव नोंदवावं लागतं, तेव्हा त्याने नोंदवलं, आणि त्या वेळी मी त्याला ती गोष्ट परत एकदा सांगितली होती. एनसीसीच्या नेमबाजीच्या रेंजवरची. रायफल शिकवणाऱ्या उस्तादाच्या तोंडावर मी कसं सांगितलं की माझा प्रभू मला रायफल उचलू देत नाही. ही गोष्ट मी त्याला लहानपणापासून सांगत आलोय. चर्चच्या शब्बाथ शाळेतल्या पोरांना सांगितलीय. एकदा तर, देवा, उपासनेत साक्ष म्हणून सांगितलीय, आणि म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसलेत.

त्याला म्हणालो, “ती नुसती औपचारिकता असते रे.” तो काही बोलला नाही. खोलीत गेला.

तेव्हापासून झोप नाही. तुला माहीत आहे माझी सवय, झोप नाही आली की वाचत बसतो. तर ऐक. १९२६ साली रोझिका श्विमर नावाच्या हंगेरियन बाईने इथे नागरिकत्व मागितलं. युद्धविरोधी चळवळीतली, वय एकोणपन्नास. तिला हाच प्रश्न. त्या काळात बायकांना सैन्यात कोण घेत होतं? ती म्हणाली, मी हत्यार धरणार नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९२९ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ती हरली. दोन वर्षांनी येलमध्ये धर्मशास्त्र शिकवणारा एक बॅप्टिस्ट प्राध्यापक, मॅकिंटॉश, तोही हरला. तो काही सगळ्याच युद्धांच्या विरोधात नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की युद्ध न्याय्य आहे की नाही ते मी माझ्या देवाला विचारून ठरवीन. कोर्ट म्हणालं, ते चालणार नाही. १९४६ मध्ये जिरार्ड नावाच्या अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या माणसाच्या खटल्यात कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला. म्हणून आज शपथेतली हत्यार धरण्याची ओळ गाळून मागता येते. श्विमरबाईंना त्याचा उपयोग झाला नाही. त्या १९४८ मध्ये गेल्या, कुठल्याच देशाच्या नागरिक नसताना.

पण मला धरून ठेवलं ते श्विमर खटल्यातल्या विरोधी मताने. लिहिणारा न्यायमूर्ती होम्स, वय अठ्ठ्याऐंशी. तो लिहितो की क्वेकर (युद्धाला नकार देणारा ख्रिस्ती पंथ) लोक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर आपल्यातल्या काहींपेक्षा जास्त विश्वास ठेवतात म्हणून त्यांना देशाबाहेर काढता येत नाही, याचं आपल्याला दुःख होतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. काय तिरकस आहे म्हातारा! आणि हा काही देवभोळा माणूस नव्हता, शांततावादी तर अजिबातच नाही. तरुणपणी यादवी युद्धात तीनदा जखमी झालेला. एकदा तर गोळी मानेतून आरपार गेलेली, अँटिएटमच्या लढाईत, डंकर चर्चच्या मागच्या रानात.

हे वाचलं आणि शनिवारी गाडी काढली. दोन तासांवर तर आहे, मेरीलँडमध्ये, शार्प्सबर्ग गावाबाहेर. पोराला विचारलं येतोस का, तो म्हणाला अभ्यास आहे.

डंकर म्हणजे जर्मन बाप्तिस्मेवाले. तीनदा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव, मराठीत ‘बुडवे’ म्हण. (तुझ्या पतसंस्थेतले नव्हेत.) वैऱ्यावर प्रीती करा म्हटलंय तर करायची, हत्यार धरायचं नाही, शपथ वाहायची नाही, इतका सरळ हिशोब. त्यांचं हे चर्च बाळ्या, चर्च वाटतच नाही. पांढरी चुना लावलेली चौकोनी खोली. मनोरा म्हणजे गर्व, म्हणून मनोरा नाही. आपल्या वाडीच्या शाळेची आठवण झाली, फक्त फळा नव्हता. साधे बाक. मी एका बाकावर बसलो, बाहेर उन्हात तोफा मांडून ठेवलेल्या दिसत होत्या.

१४ सप्टेंबर १८६२, रविवार, हे लोक इथे उपासनेला जमले होते आणि साउथ माउंटनवरून तोफांचे आवाज येत होते. विचार कर, वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि प्रार्थना चालू असताना खिडकीची तावदानं थरथरणं वेगळं. बुधवारी, सतरा तारखेला, युद्ध दारात आलं. एका दिवसात मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे २३,००० माणसं. ह्या चर्चला ज्याने जमीन दिली त्या सॅम्युएल मुमाचं घर दक्षिणेच्या सैन्याने जाळलं, उत्तरेच्या नेमबाजांना आडोसा मिळू नये म्हणून. नंतर त्याने सरकारकडे भरपाई मागितली. सरकार म्हणालं, आमच्या सैन्याने केलेलं नुकसान असतं तर दिली असती, शत्रूने जाळलेल्याचं आम्ही काय करणार? आपल्या तहसीलची आठवण आली की नाही? चर्चमधलं बायबलही न्यूयॉर्कचा एक शिपाई घेऊन गेला. ते परत आलं १९०३ मध्ये. वादळाने १९२१ साली चर्च पडलं, १९६२ मध्ये परत उभं केलं, त्यामुळे ज्या भिंतीला मी टेकलो होतो ती नक्की किती जुनी, देव जाणे.

तिथे बसून मी तुझ्याशीच भांडत होतो. तुझं कॅन्टीनमधलं वाक्य आठवतंय मला, टेबलावर मूठ आपटून म्हटलेलं. जोतिबांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना, त्या लोकांनी गुलामी काय भजनं म्हणून संपवली का रे पाद्र्या? उत्तर मला तेव्हाही सुचलं नव्हतं, आजही नाही. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला, त्याने आपले दोन मुलगे सैन्यात पाठवले. आणि आमच्या बाजूचे? भरती आली तेव्हा शांततावाद्यांतल्या पुष्कळांनी ३०० डॉलर भरून सुटका करून घेतली. साध्या मजुराची जवळपास वर्षाची कमाई होती ती. ज्याच्याकडे नव्हती तो गेला मरायला. तू म्हणशील, पैसे भरून अहिंसा. म्हण. मी शनिवारी तुझ्या वतीने म्हणून झालं.

चर्चसुद्धा काही एका बाजूला नव्हतं. मेथडिस्ट १८४४ मध्ये फुटले, बॅप्टिस्ट १८४५ मध्ये, दोन्ही गुलामांच्या प्रश्नावरून, म्हणजे देश फुटायच्या पंधरा-सोळा वर्षं आधी. लिंकन दुसऱ्यांदा शपथ घेताना म्हणाला ना, दोन्ही पक्ष तेच बायबल वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात. आमच्या मंडळीत सध्या वेदीशेजारचा अमेरिकन झेंडा ठेवायचा की काढायचा यावरून दोन तट पडलेत. एका बाजूला व्हिएतनामला जाऊन आलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला तरुण बायबल शिक्षिका. दोघंही वचनं काढून दाखवतात. मला दोघांनी मत विचारलं. मी दोघांनाही म्हणालो, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. बघ, तोच ‘येस’.

शपथविधी १९ तारखेला आहे. त्या ओळीशिवायची शपथ मागायची तर लेखी द्यावं लागतं की धार्मिक शिकवण आणि श्रद्धा यांमुळे मला हत्यार धरता येत नाही. वकील म्हणाला, एकदा येस म्हणालात ना, आता कशाला उकरता? तरी काल रात्री लिहायला बसलो. ‘वयाच्या सतराव्या वर्षी मी भारतात’ इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. कारण पुढचं जगात फक्त तुला माहीत आहे.

पॉइंट टू-टू रायफल. जिचा धक्का मांजरीने पंजा मारल्याएवढा. पोती टाकलेली, सगळे पालथे झोपलेले, माझ्या डाव्या हाताला तू. शेजारच्या फायरपॉइंटवरून पहिली गोळी सुटली आणि माझी खाकी पँट ओली झाली. तू बघितलंस. काही न बोलता बाटलीचं बूच काढून सगळं पाणी माझ्यावर आणि पोत्यावर ओतलंस, आणि उस्ताद धावत आला तेव्हा म्हणालास, “मस्ती की, सर.” तुला मैदानाला पाच फेऱ्या. आणि मी काय म्हणालो? मी ख्रिश्चन आहे, आमच्यात चालत नाही. उस्तादाने शर्टाच्या आतून क्रूस काढून दाखवला, “मैं भी हूँ. लेट जा.” कोट्टयमचा होता बिचारा. त्या रात्री तंबूत तू मला ढोंगी म्हणालास आणि आपण दिवाळीपर्यंत बोललो नाही.

नंतर मी खरोखर वाचलं, खरोखर पटवून घेतलं, हे तुला माहीत आहे. तीस-पस्तीस वर्षं मी त्या प्रवचनावर विश्वास ठेवत आलोय. पण परवा त्या बाईने विचारलं तेव्हा जो माणूस बोलला तो विश्वासातला नव्हता, पोत्यावरचा होता. तेव्हा भीतीने नाही म्हणालो, आता भीतीने हो म्हणालो. की तेव्हाही थोडं काही खरं होतं?

तर मला एवढंच सांग. तुझी आठवण माझ्यापेक्षा बरी. मी ‘चालत नाही’ कधी म्हणालो? पाणी ओतायच्या आधी की नंतर? मला पुसट आठवतं की झोपण्याआधीच, रायफल हातात देताना, मी एकदा पुटपुटलो होतो आणि तू ‘गप रे’ म्हणाला होतास. पण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की हे घडलं होतं की मी मागाहून शिवलंय ते मला आता कळत नाही. फोन करू नकोस. फोनवर तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलशील. लिही.

मुलीचं ठरलं का? जावई पुण्याचाच म्हणे. वहिनींना नमस्कार. पतसंस्थेचं चेअरमनपद सोडलंस ते बरं केलंस, हृदयाला झेपत नव्हतंच. नीट चाल रोज.

तुझा,
पाद्र्या

ता. क. ती हिरव्या कापडाच्या कव्हरची बाटली दादांची होती ना, पलटणीतून आणलेली? रिकामी घरी नेलीस तेव्हा त्यांनी विचारलं असेल. तू काय सांगितलंस त्यांना?