खणाची चिमणी आणि सोळा साखळ्या

हिल्सबरो, ऑरेगन

ति. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, सगळे बरे आहोत. रविवारी तर बोललो, मग हे पत्र कशाला, असं आई म्हणणारच. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई मध्येच फोन ओढून स्वतः बोलते. शिवाय मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक बाबांना आणि एक आईला. दोन्ही कितीतरी महिने ओठांवर येऊन परत गेल्या. बाबा, चष्मा लावून तुम्हीच मोठ्याने वाचा. आईच्या वाट्याचं शेवटी आहे, तिला आधीच पानं उलटू देऊ नका.

बाबा, मागच्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली.

आता नवी आहे, ऑक्टोबरपासून, ती तुम्हाला माहीत आहे. जुनी 'सोडली' असं मी सांगितलं होतं, ते खोटं. एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली, दुपारपर्यंत लॅपटॉप बंद पडला आणि अकरा वर्षांचं टेबल एका खोक्यात मावलं. समीरचा पगार होता, ग्रीन कार्ड आलेलं होतं, तेव्हा खायची भ्रांत नव्हती. तरी तुम्हाला सांगवेना. तुमच्या हिशेबात नोकरी जाते ती एक तर निवृत्तीने, नाहीतर लाच घेताना सापडल्यावर. ओवीलाही सुरुवातीला सांगितलं नाही. तिला शाळेत सोडायचं, माझा डबा शेजारच्या सीटवर ठेवायचा आणि गाडी कुठल्यातरी बागेपाशी नेऊन लावायची, असे तीन आठवडे गेले.

तिथेच एका सकाळी एक म्हातारं जोडपं ओढ्यावरच्या लाकडी साकवाखाली हात घालून काहीतरी चाचपत होतं. मी बघतेय म्हटल्यावर दोघं असे काही सरळ उभे राहिले, की लहानपणी दादा फडताळातल्या लाडवांपाशी सापडायचा त्याची आठवण झाली. आजोबांच्या दोन्ही कानांत यंत्रं. आजीने खूप विचार करून मला जवळ बोलावलं आणि बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी डबी उघडून दाखवली. आत कागदाची सुरळी, आणि सुरळीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत शंभरेक नावं. "आता तू मगल राहिली नाहीस," ती म्हणाली. जिओकॅशिंग नावाचा हा डबे शोधायचा खेळ न खेळणाऱ्या माणसाला हे लोक मगल म्हणतात.

तेव्हापासून फोनवर जे 'शनिवार-रविवारचं डबे शोधणं' तुम्ही ऐकत आलात, ते मुळात सोमवार ते शुक्रवारचं होतं. एप्रिलमध्ये बाबांनी विचारलं होतं, "आज गाडीचा आवाज नाही, पाखरं ओरडतायत?" इथे सकाळचे साडेसात, तुमच्याकडे रात्रीचे आठ. मी म्हटलं, सिग्नलला थांबलेय. सिग्नलवर एवढी पाखरं! तुम्ही पुढे विचारलं नाहीत. ते मी विसरले नाही.

खेळ तुम्हाला नीट कधी समजावून सांगितलाच नाही. खरं तर तुमच्याइतका तो कुणालाच चटकन कळणार नाही. आठवतं, मी पाचवीत असताना मे महिन्यात तुम्ही मला दहिवडीकडच्या एका गावात जमीन-मोजणीला नेलं होतं? हद्द कायमची मोजणी. दोन सख्खे भाऊ, मधला बांध नाहीसा झालेला. तुम्ही मोजणीचं जुनं टिपण उघडलंत, विहिरीच्या कोपऱ्यापासून साखळी टाकायला लावलीत, इतक्या साखळ्या, वर इतके आणे (आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग), आणि एका बोरीच्या जाळीपाशी थांबून शिपायाला म्हणालात, "खण इथे." हातभर खाली दगड निघाला. मला वाटलं आता टाळ्या वाजतील. दोघांपैकी एकही भाऊ खूश झाला नाही, कारण दोघांनाही दगड आपापल्या सोयीच्या जागी हवा होता. त्या दिवशी आपल्याला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

इथे दगडाऐवजी डबा असतो, एवढाच फरक. कुणीतरी तो लपवतो, अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतो, बाकीचे शोधत जातात. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. शोधायला किती अवघड आणि पोचायला किती कठीण, याचे एक ते पाच असे आकडे आधीच दिलेले असतात. टिपणाच्या जागी फोन, साखळीच्या जागी वीस हजार किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह. तुम्ही निवृत्त झालात आणि मग तुमच्या मोजणी खात्यात उपग्रहांवर चालणारे रोव्हर आले. त्या रोव्हरचंच हे गरीब भावंड.

आणि हा खेळ जन्मला कुठे म्हणाल, तर माझ्या घरापासून तासाभरावर. १ मे २००० ला इथल्या अध्यक्षांनी, क्लिंटन यांनी, जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकायला सांगितलं. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राची जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. चूक गेली, आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने बीव्हरक्रीक गावाबाहेर रस्त्याकडेला एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत काय, तर पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या बियांचा बंद डबा. आवडेल ते घ्या, बदल्यात काही ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम. आता तिथे एक धातूची पाटी आहे. ओवीला मोठ्या उत्साहाने दाखवायला नेलं. तिने पाटी बघितली, रस्ता बघितला, आणि म्हणाली, "एवढंच?" मग आम्ही गाडीत बसून पुऱ्या खाल्ल्या.

वर्षभरात १४३ सापडले, ३८ नाही. न सापडलेल्याचीही नोंद करायची असते. ॲपमध्ये सापडला की पिवळा हसरा चेहरा, नाही सापडला की निळा पडका. पहिले दोन महिने मी निळे चेहरे टाकलेच नाहीत. सापडलं नाही तर तिथे गेलेच नव्हते, असा माझा कारभार. मग एका डबेवाल्याने (मुंबईचा नव्हे, डबा लपवणाऱ्याला मी घरात हेच म्हणते) माझ्या एका उशिरा टाकलेल्या निळ्या नोंदीला उत्तर लिहिलं: बरं झालं सांगितलंस, तुझ्याआधी चौघे नुसते परत गेले असावेत, मी जाऊन बघितलं तर डबा पुरात वाहून गेलाय. त्याच रात्री मी बसून जुने अकरा निळे चेहरे भरले. समीरला वाटलं नोकरीचे अर्ज भरतेय.

वाईट म्हणाल तर दोन प्रसंग. जूनमध्ये फॉरेस्ट पार्कमध्ये एका खोडाच्या ढोलीत हात घातला आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही कोपरापर्यंत फोड. पॉयझन ओक नावाचं झुडूप असतं इथे. आई, ते बिब्ब्याच्याच कुळातलं. आजीचा बिब्बा उतला होता तेव्हाचे तिचे हात आठवतात ना, हुबेहूब तसे. मैत्रिणीने कोकमाचं आगळ लावायला दिलं. उपयोग काही झाला नाही, स्वयंपाकघराचा ओटा मात्र अजून लाल आहे. त्या आठवड्यात एक मुलाखत होती. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून दिली. घामाने आणि खाजेने काय उत्तरं दिली देव जाणे. तिथे घेतलं नाही.

दुसरा प्रसंग आजवर समीरशिवाय कुणाला सांगितलेला नाही. दुकानांच्या वाहनतळावर दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याची झालर असते, ती उचलली की खाली डबी ठेवायला जागा. संध्याकाळ झालेली, डोक्यावर टोपी, मी गुडघ्यावर बसून पत्रा उचलतेय. मागून पोलिसाचा टॉर्च पडला. हात दिसतील असे ठेव, म्हणाला. मी ठेवले. काय करतेय हे सांगताना माझं इंग्रजी, ज्यावर अकरा वर्षं पोट भरलं, ते कुठे गेलं कळलं नाही. त्याने डबी बघितली, सुरळी बघितली, ओळखपत्र बघितलं आणि जा म्हणाला. वाईट वागला असं नाही. पण ते म्हातारं जोडपं अशाच खांबापाशी दिसलं असतं तर टॉर्च आधी चेहऱ्यावर पडला असता की हातावर, याचा मी गाडीत बसून बराच वेळ विचार करत होते. खांबाखालचे डबे त्यानंतर बंद.

चांगलंही लिहिते, नाहीतर आईला रात्री झोप यायची नाही. ऑगस्टमध्ये आम्ही तिघं वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मीच्या बोगद्यातून चाललो. जुन्या रेल्वेचा, १९१४ चा बोगदा. आता रूळ नाहीत, पावणेचार किलोमीटर नुसता काळोख, बाहेर ऊन आणि आत दात वाजतील असा गारठा, छतावरून मानेवर थेंब. पलीकडच्या तोंडाजवळ या खेळातला एक फार नावाजलेला डबा आहे. मधोमध गेल्यावर दिवे विझवायचं ठरलं. स्वतःचा हात दिसेना. ओवी दोन मिनिटं गप्प होती, मग एकदम ओरडली, "ज्ञानबा-तुकाराम!" बोगद्याने ते परत पाठवलं. मागे कुठेतरी अंधारात चाललेल्या अनोळखी माणसांनी काय समजून कोण जाणे, त्यांनीही एक आरोळी ठोकली. बाबा, वारीला खांद्यावर बसवून नेलेल्या नातीचं ते पुण्य.

आणि एक तुमचा डबा आहे, वहीत नाव माझं असलं तरी. मे महिन्यात, उंच डग्लस फरच्या रानात. दाट झाडीत उपग्रहाचे संकेत आपटून येतात, बाण दर मिनिटाला दिशा बदलतो. तीनदा जाऊन हात हलवत आले होते. चौथ्यांदा तुमचा फोन चालू होता म्हणून सहज कुरकुरले. तुम्ही म्हणालात, "यंत्र खिशात ठेव. ठेवणारा माणूस पायवाटेवरून उतरला कुठे असेल ते बघ. त्याला पुन्हा सापडायला हवं, म्हणजे तो खुणेची वस्तू धरूनच ठेवणार." मी मागे गेले. पायवाटेला एकच जागा होती जिथून साडीतली बाईसुद्धा उतरली असती. तिथून समोर वीज पडून दुभंगलेलं खोड. खोडाच्या मागे साल लावून ठेवली होती आणि सालीमागे डबा. मी इकडे ओरडले, तर तुम्ही म्हणालात, "मग? जेवून घे आता." इथे सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. तुमच्याकडची रात्रीची जेवायची वेळ तुमच्या डोक्यात होती, की माझा दिवस कसा चाललाय हे तुम्हाला कळलेलं होतं, मला अजून माहीत नाही.

आता आई.

तू शिवून दिलेली खणाची चिमणी मी नंबर कोरलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याला बांधून एका डब्यात सोडली होती. 'मला साताऱ्याला जायचंय' असं तिच्या नावापुढे लिहिलं होतं. ज्याला सापडेल त्याने पुढच्या डब्यात न्यायची आणि नंबर टाकून कळवायचं. ती आयडाहो राज्यातल्या बॉयझीला गेली, तिथून एका कुटुंबाबरोबर विमानाने जर्मनीला, हायडेलबर्गजवळच्या रानात. तिथवरचं सगळं खरं. बेंचवर बसलेला तिचा फोटो तू बाजूच्या काकूंना दाखवलास तोही खरा.

सप्टेंबरमध्ये त्या डब्याच्या मालकाने कळवलं की तिथली झाडं तोडली, डबा गेला, आत जे होतं तेही गेलं. तू दर रविवारी विचारतेस, "चिमणी कुठवर आली?" आणि मी सांगते, तिथेच आहे, थंडी आहे ना. डिसेंबरमध्ये तू म्हणालीस, तिला स्वेटर विणून पाठवू का. मी हसले आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन बसले. चिमणी नाही, आई. सहा महिन्यांपूर्वीच हरवली. कुणी उचलून नेली असेल तर ठीक. एखाद्या जर्मन पोराच्या दप्तराला लटकत असेल, असं ओवीचं म्हणणं आहे.

एक काम आहे, दोघांकडे. मी स्वतःचा पहिला डबा लपवतेय, त्या साकवाच्या वरच्या अंगाला. लपवण्यापूर्वी परवानगी लागते, आणि मुख्य अट अशी की दुसऱ्या डब्यापासून किमान ५२८ फूट लांब हवा. बाबा, मी हा आकडा वाचला आणि सहज तेहतीसने, म्हणजे तुमच्या एका साखळीच्या फुटांनी, भागला. बरोब्बर सोळा साखळ्या! आणा इकडेतिकडे नाही. साकवाच्या खांबापासून जागेपर्यंतची मापं वेगळ्या कागदावर फुटांत लिहून जोडली आहेत. ती साखळी-आण्यात करून, तुमच्या अक्षरात, जुन्या टिपणासारखं रेखाटून पाठवा. उत्तर दिशा दाखवायला विसरू नका. तो कागद मी डब्यात वहीच्या पहिल्या पानावर चिकटवणार आहे.

आई, चिमणी दुसरी शीव. या खेपेला हिरवा खण घे, जांभळा रानात दिसत नाही. शेपटी आखूड कर, डबा लहान आहे. आणि पोटात कापूस जरा घट्ट भर, पहिलीचा बॉयझीतच बाहेर यायला लागला होता.

तुमची,
नंदू

ता. क. बीपीच्या गोळ्या संपायच्या आत दादाला सांगा, संपल्यावर नको.