फळा पुसू न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

नव्या प्राध्यापकांसाठीचा इंडक्शन कोर्स संपून तीन आठवडे झाले. प्रमाणपत्र फाइलला लागलं, कॉलेज सुरू झालं, पण तो मंगळवार काही डोक्यातून जात नाही. तुमचे आभार सगळ्यांसमोर मानतोय, कारण जे घडलं तेही सगळ्यांसमोरच घडलं.

मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन्महिने अडकलेले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढेही नाहीत. प्रशिक्षणाचं पत्रक स्टाफरूममध्ये यायचं आणि माझ्यासमोरून पुढच्या टेबलावर जायचं. एकदाच एका कार्यशाळेला जायला मिळालं, कुणीतरी ऐनवेळी गळालं म्हणून. तिथल्या वक्त्यांनी दिवसभर स्लाइड वाचून दाखवल्या. त्यांच्या एका प्रश्नाला मी मराठीत उत्तर दिलं, तर म्हणाले, "कॉलेजात शिकवता ना? मग इंग्लिश प्लीज." सभागृह हसलं. त्यानंतर मी कुठल्याही कार्यशाळेत हात वर केला नाही.

म्हणूनच या कोर्समधल्या सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे सहकाऱ्यांसमोर घ्यायच्या छोट्या सराव पाठाला इंग्रजी पीपीटी केली होती. रात्रभर घोकली आणि तिसऱ्या स्लाइडलाच अडकलो. घशाला कोरड पडली. तेवढ्यात मागच्या बाकावरून तुम्ही विचारलंत, "सर, तुमची मुलं कुठली?"

"निफाड-येवल्याकडची. बहुतेकांच्या घरी कांदा."

"मग मला कांद्यावरच समजवा. मराठीत. मला अर्थशास्त्र येत नाही."

मी खडू घेतला. १०० क्विंटल, भाव २,००० रुपये, झाले दोन लाख. पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं, १२० क्विंटल, पण भाव १,४००. झाले १,६८,०००. माल वाढला आणि पैसा घटला. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी घरात दुप्पट कांदा खात नाही, म्हणजे मागणी अलवचीक. मग मागणीची उभट रेषा काढली. तुम्ही वहीत उतरवून घेत होतात. मध्येच विचारलंत, "मग शेतकरी माल साठवून का ठेवत नाही?" उन्हाळ कांदा कांदाचाळीत टिकतो, तरी वजन घटतं, थोडा सडतोच, लाल कांदा तर टिकतच नाही, हे सांगताना मला वेळेचं भान राहिलं नाही. दहा मिनिटांचा पाठ वीस मिनिटं चालला. तुम्ही घंटी वाजवली नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत शिपाईमामा डस्टर घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "राहू द्या मामा, दुपारच्या सत्राला लागेल." दुपारचं सत्र मूल्यमापनाचं होतं. तिथे माझ्या कांद्याचं काय काम? दुपारचे पाहुणे आले, फळ्यापाशी थांबले, वाचलं आणि म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" तुम्ही माझं नाव घेतलंत, विषयासकट, कॉलेजासकट. त्यांनी उरलेल्या कोपऱ्यात आपलं लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते १,६८,००० फळ्यावर तसेच होते. मी वहीत मान घालून बसलो होतो, कारण डोळे भरून आले होते.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर आम्हा प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली, २०२३ पासून मालवीय मिशनची पाटी लागली. आमच्यातले कितीतरी जण तिथे नुसते कॅससाठी, म्हणजे पदोन्नतीसाठी येतात, पगाराची लेव्हल दहाची अकरा व्हावी म्हणून. सही, चहा, प्रमाणपत्र. मीही तसाच आलो होतो. वर्गात रोज उभा राहणारा माणूस स्वतः शिकायला बसला की आतून किती धास्तावलेला असतो, हे ओळखणारं कुणी मला तोवर भेटलं नव्हतं. माणसाचा मान राखून त्याची चूक सुधारता येते. ज्यांना हे जमतं त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस पुढे कुणाला हसत नाही, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबरात लाल कांद्याची आवक असते, तेव्हा द्वितीय वर्षाच्या मुलांना लासलगावचा लिलाव दाखवायला नेणार आहे. तुम्ही या. वही घेऊन या, आणि मुलांमध्येच बसा.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक